चूल, उंबरा आणि खानेसुमारी



लोकसंख्या मोजण्याच्या सरकारी कामास आपल्या भाषेंत आजवर तीन नांवें मिळालीं आहेत. जुनीं माणसें खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर व शुमार म्हणजे मोजदाद. तेव्हां घरांची मोजदाद हा त्या शब्दाचा सरळ अर्थ. पुढें शिरगणती हा शब्द रूढ झाला आणि त्यानें घर मागें सारून डोकीं पुढें आणलीं. आतां कागदोपत्रीं जनगणना म्हणतात. नांव कोणतेंही घेतलें तरी काम दुहेरीच आहे: आधीं घरें मोजावयाचीं, मग त्या घरांतील माणसें. यांपैकीं माणूस मोजणें त्या मानानें सोपें. तो लहान असो वा थोर, राव असो वा रंक, एक तो एकच. परंतु घर एक कीं दोन, कुटुंब एक कीं तीन, हें ठरवावयास बसलें म्हणजे चांगल्या शहाण्या माणसाचीही मति गुंग होते. आज मी याच प्रश्नाविषयीं बोलणार आहें. प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. २०२१ सालीं व्हावयाची जनगणना कोरोनाच्या सांथीमुळें राहिली आणि आतां १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख ठरली आहे. तुमच्याआमच्या दारांत येणाऱ्या मोजणारास आपण काय सांगणार, आणि ज्यांचें दार त्या वेळीं बंद असेल त्यांच्याविषयीं कोण काय सांगणार, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

कुटुंब या वस्तूला आपल्या भाषेंत शब्दांचा तोटा नाहीं, आणि प्रत्येक शब्द निराळें कांहीं मोजतो. ‘आमचें कुटुंब माहेरीं गेलें आहे’ असें जुन्या काळचा गृहस्थ म्हणे, तेव्हां घर ओस पडलें असें कोणी समजत नसे. पत्नी गेली एवढाच त्याचा अर्थ. खटलें म्हटलें कीं चुलते, पुतणे, विधवा आत्या, गडीमाणसें आणि गोठ्यांतलीं गुरें हीं सारीं डोळ्यांपुढें येतात. बिऱ्हाड म्हटलें कीं आज येथें, उद्यां तेथें. गांव केवढा हें सांगावयाचें तर ‘दोनशें उंबऱ्यांचा गांव’ म्हणतात. तेथें उंबरा हें माप. लग्नाचें आवतण चूलबंद असलें म्हणजे त्या घरीं त्या दिवशीं चूल पेटवावयाची नाहीं, लहानथोर सर्वांनीं जेवावयास यावयाचें. भाऊ वेगळे निघाले हें सांगतांना आपण जमिनीचें नांव घेत नाहीं. वेगळी चूल मांडली असें म्हणतों. सरकारनें पुष्कळ वर्षें निरनिराळ्या व्याख्या करून पाहिल्यावर जी अखेर पत्करली, ती या चूलबंद आवतणांत आधींच होती असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

ती व्याख्या अशी. सामान्यतः एकत्र राहणारीं व एकाच स्वयंपाकघरांतलें अन्न जेवणारीं माणसें मिळून एक कुटुंब. कामाच्या निकडीमुळें कोणास तेथें जेवतां येत नसेल तर तेवढ्यानें तो कुटुंबाबाहेर जात नाहीं. नात्याची अट नाहीं. रक्ताचीं माणसें असोत, परकीं असोत किंवा दोन्ही मिसळलेलीं असोत, अन्न एका चुलीवरचें असलें कीं कुटुंब एक. घर मात्र चुलीवरून ओळखावयाचें नाहीं. जनगणनेच्या भाषेंत घर म्हणजे इमारत किंवा इमारतीचा असा भाग, ज्यास रस्त्यावरून, अंगणांतून किंवा जिन्यावरून आंत जाण्यास स्वतःचें स्वतंत्र मुख्य दार आहे. म्हणजे घर दारावरून आणि कुटुंब चुलीवरून. इंग्रजींत या चुलीच्या गटास एक शब्द व नात्याच्या कुटुंबास दुसरा आहे. मराठी नमुन्यांत दोहोंसही कुटुंब हाच शब्द वापरला जातो, आणि घोटाळ्याची पहिली गांठ येथेंच बसते.

उदाहरणाकरितां पिंपळनेर घेऊं. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील, पांझरेच्या कांठचें हें बाजाराचें गांव. विसाव्या शतकाच्या आरंभीं तालुक्याचेंच नांव पिंपळनेर होतें, कचेरी मात्र साक्रीस होती; पुढें नांवही साक्रीकडे गेलें. पूर्वेच्या बाजूस शेतीची मोकळी जमीन आणि अहिराणी बोली. पश्चिमेस डोंगर आणि त्यांच्या कुशींत कोकणा, भिल्ल, मावची लोकांचे पाडे. पेठेंतला वाडा आणि डोंगरांतली झोपडी हीं दोन्ही येथें एका दिवसाच्या चालीवर आहेत, म्हणून आपल्या कामास हें गांव सोयीचें.

बाजारपेठेंतील एक जुना वाडा कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. उंबरा एक. आंत वृद्ध आईवडील व दोन विवाहित मुलगे. थोरल्यानें मागच्या खोल्यांत वेगळी चूल मांडलेली आहे, धाकटा वडिलांबरोबर जेवतो. आईची मात्र पाळी ठरलेली. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. दुकानावर काम करणारा एक पोरगा दुकानांतच निजतो व धाकट्याच्या पंक्तीस जेवतो. अंगणाच्या कडेच्या खोलींत भाड्यानें राहणारे शिक्षक आपला स्टोव्ह पेटवून घेतात. आतां मोजणारा येतो आणि अहिराणींत विचारतो, ‘तुमना घरमा कितला माणसं शेतस?’ म्हातारे वडील मोठ्या समाधानानें सांगतात, ‘आमचें खटलें एकच.’ त्यांच्या दृष्टीनें तें खरें आहे. गांवच्या देवाच्या वर्गणींत त्यांचा उंबरा एक, शेताच्या उताऱ्यावर नांव त्यांचें एकट्याचें, कुळाचार एक. तरी शिरगणतीच्या हिशेबानें या वाड्यांत तीन कुटुंबें आहेत: थोरल्याचें, वडिलांचें व शिक्षकांचें. दुकानावरचा पोरगा वडिलांच्या कुटुंबांत लिहावयाचा, जरी तो कोणाचा कोणी नाहीं. आणि पोटची असूनही आई ज्या महिन्यांत मोजणी होईल त्या महिन्यांत ज्याच्याकडे जेवत असेल त्याच्या कुटुंबांत.

ही व्याख्या वरवर पाहतां निष्ठुर वाटते. म्हाताऱ्या आईस महिन्याच्या पाळीनें इकडून तिकडे लिहिणें बरें दिसत नाहीं. परंतु दुसरा मार्ग काय? नातें विचारावें तर चुलतचुलत भाऊही एक, आणि अर्धें गांव एक. मालमत्ता विचारावी तर न्यायालयाचें काम सुरू होतें. हिंदु कायद्यांत केवळ वेगळें जेवूं लागल्यानें वांटणी झाली असें सिद्ध होत नाहीं. दोन चुली मांडूनही भाऊ अविभक्त असूं शकतात. आईचें प्रेम कोणाकडे जास्त हें तर कोणीच मोजूं शकणार नाहीं. चूल दिसते, तिचा धूर दिसतो, आणि आज दुपारीं भाकरी कोठें खाल्ली हें सांगतांना मनुष्य सहसा खोटें बोलत नाहीं. लक्षावधि मोजणारांनीं थोड्या दिवसांत सारखाच प्रश्न विचारून सारखेंच उत्तर मिळवावयाचें असेल तर असाच एखादा साधा, डोळ्यांना दिसणारा पुरावा धरावा लागतो.

येथवर येण्यास बराच काळ लागला. सबंध हिंदुस्थानांत एकाच वेळीं झालेली पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ ची. तेव्हांपासून १९३१ पर्यंत मोजणीची रात्र एक असे. आधीं महिना दोन महिने घरांवर गेरूनें आंकडे टाकावयाचे, कच्च्या याद्या करावयाच्या, आणि ठरलेल्या रात्रीं कंदील घेऊन दारोदार फिरून त्या रात्रीं जो जेथें सांपडेल त्यास तेथें लिहावयाचें. चांदणें असावें, मोठी यात्रा नसावी, लग्नाची दाट तीथ नसावी, असें पाहून रात्र निवडीत. १९३१ ची रात्र २६ फेब्रुवारीची होती. १९४१ पासून एका रात्रीची ही पद्धत सोडून दिली व मोजणी कांहीं दिवस चालूं लागली. त्या सर्व काळांत हिशेबाचें एकक घर हेंच होतें. परंतु घर म्हणजे काय हें प्रांतोप्रांतीं बदले. कोठें दार धरीत, कोठें चूल धरीत, कोठें एका आवारांतलीं सारीं माणसें एकत्र लिहीत. घर निराळें व कुटुंब निराळें, अशी फोड देशभर प्रथम झाली ती १९५१ सालीं.

ती फोड होतांच एक गंमत झाली. गंमत म्हणतों, पण तिचे परिणाम पुष्कळ वर्षें टिकले. १९५१ चे आयुक्त आर. ए. गोपालस्वामी यांनीं नव्या आंकड्यांकडे पाहिलें, तों खेड्यांतील सुमारें एक तृतीयांश कुटुंबांत तीन किंवा त्याहून कमी माणसें. त्यावरून त्यांनीं अनुमान काढलें कीं एकत्र कुटुंब मोडत चाललें असून वेगळें निघण्याची संवय चांगलीच बळावली आहे. तेव्हांपासून एकत्र कुटुंब मोडलें हें वाक्य आपल्याकडे व्याख्यानांत, अग्रलेखांत आणि सासवांच्या तोंडीं कायमचें येऊन बसलें. आंकडे खरे होते. त्यांतून काढलेला अर्थ घाईचा होता. मोजल्या होत्या चुली, आणि निष्कर्ष काढला नात्यांविषयीं. शिवाय पूर्वींच्या चुली मोजलेल्याच नव्हत्या, मग त्या वाढल्या कीं घटल्या हें कळावें कशावरून?

इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत एकत्र कुटुंबाचीं लक्षणें सांगितलीं, त्यांत एक छप्पर व एक चूल यांच्या जोडीला समाईक मालमत्ता, समाईक देवधर्म आणि आपसांतील विशिष्ट नातें हींही घातलीं. म्हणजे चूल हें पांचांतलें एक लक्षण. पुढें आय. पी. देसाई यांनीं सौराष्ट्रांतील महुवा गांवाचा अभ्यास केला आणि १९६४ सालीं तो छापला. एकेकट्या घरांत राहणारे लोकही भावांच्या कर्जांत, बहिणींच्या लग्नांत, वडिलोपार्जित मिळकतींत किती गुंतलेले असतात, हें त्यांनीं दाखविलें. पिंपळनेरच्या ज्या वाड्याची आपण कल्पना केली त्याचे शिरगणतींत तीन तुकडे होतील. परंतु दिवाळीस तेथें फराळाचें ताट एकाच ओसरीवर मांडलें जाईल. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत.

एक खिडकी मात्र जनगणनेनें उघडी ठेवली आहे. कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीचें कुटुंबप्रमुखाशीं नातें विचारलें जातें, आणि घरयादीच्या वेळीं या चुलीवर किती विवाहित जोडपीं जेवतात हेंही विचारतात. एका चुलीवर दोन किंवा अधिक जोडपीं असतील तर तें घर खऱ्या अर्थानें एकत्र आहे, असें म्हणावयास आधार मिळतो. २०११ सालीं देशांत सुमारें २५ कोटी कुटुंबें मोजलीं गेलीं व दर कुटुंबीं सरासरी पांचांहून किंचित् कमी माणसें भरलीं. या सरासरीवरून आजी नातवापाशीं राहते कीं नाहीं, हें कळत नाहीं. नात्याचा रकाना वाचला तर कळतें.

शहरांतील श्रोत्यांना वाटेल कीं चुलीचा हा गोंधळ खेड्यापाड्यांचा. तसें नाहीं. तुमच्या घरीं राहणारी व तुमच्याच स्वयंपाकघरांत जेवणारी मोलकरीण तुमच्या कुटुंबांत लिहावयाची, भाचीच्या शेजारीं आणि त्याच यादींत. तुमच्याकडे खोली घेऊन राहिलेला विद्यार्थी तुमचें जेवत असेल तर तुमच्यांतला. डबा बाहेरून आणीत असेल तर त्याचें कुटुंब निराळें, एका माणसाचें. वसतिगृह, खाणावळीसह चालणारें बोर्डिंग, तुरुंग, आश्रम, अनाथालय येथें नात्याचीं नसलेलीं माणसें एका मुदपाकखान्यांत जेवतात. त्यांस संस्थात्मक कुटुंब म्हणतात. गिरणगांवांत एका खोलींत पाळीपाळीनें निजणारे आणि वेगवेगळ्या खाणावळींत जेवणारे दहा जण असत. नियमानें पाहिलें तर तीं दहा कुटुंबें झालीं. त्यांतल्या प्रत्येकाचें खरें कुटुंब कोंकणांत किंवा घाटावर असे, आणि महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर तिकडेच जाई.

कुटुंबप्रमुख कोण, याविषयींही असाच गैरसमज आहे. तो ठरविण्याचा अधिकार मोजणारास नाहीं. घरांतलीं माणसें ज्यास प्रमुख मानतात तो प्रमुख. मिळवता असलाच पाहिजे असें नाहीं, पुरुष असलाच पाहिजे असें तर मुळींच नाहीं. इकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें शिधापत्रिकेसाठीं घरांतील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री हीच प्रमुख ठरविली. तेव्हां एकाच घरांत शिधापत्रिकेवर आजी प्रमुख आणि शिरगणतींत आजोबा प्रमुख, हें सहज संभवतें.

सरकारचीं निरनिराळीं खातीं एकाच घराकडे निरनिराळ्या चष्म्यांतून पाहतात, हें येथें सांगितलें पाहिजे, कारण लोकांच्या मनांत भीति आहे ती याचीच. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानें वर्षास शंभर दिवसांचें काम दर कुटुंबामागें देऊं केलें होतें. तेथें तीन भाऊ एका चुलीवर असले तर शंभर दिवस, तीन चुली झाल्या तर तीनशें. अंत्योदयाचें धान्य दर कुटुंबास ३५ किलो. इतर पात्र कुटुंबांस मात्र तें माणशीं पांच किलो. २०१९ पासूनच्या किसान सन्मान योजनेंत कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अज्ञान मुलें. म्हातारे आईबाप त्यांत नाहींत. अशा स्थितींत दारीं आलेल्या मोजणारास चुली किती सांगाव्या, याचा विचार करतांना मनुष्य धान्याचा हिशेब मनांत करूं लागला तर नवल नाहीं. म्हणून हें स्पष्ट ठेवावें कीं जनगणनेंतील व्यक्तीची माहिती १९४८ च्या कायद्यानें गुप्त आहे. तो कागद कोणास पाहावयास मिळत नाहीं व न्यायालयांत पुरावा म्हणूनही चालत नाहीं. तेथें दोन चुली सांगितल्यानें शिधापत्रिका तुटत नाहीं, आणि तीन सांगितल्यानें नवी मिळतही नाहीं.

त्याच कायद्यांत एक कलम असें आहे कीं तें वाचून कोणासही थोडें हंसूं यावें. घरांतील स्त्रीचें नांव सांगण्याची सक्ति कोणावर नाहीं, आणि पतीचें, मृत पतीचें किंवा रूढीनें जें घेऊं नये असें कोणाचेंही नांव घेण्याची सक्ति स्त्रीवर नाहीं. उखाण्याशिवाय नांव न घेणाऱ्या आपल्या आज्यांची सरकारनें ठेवलेली ही बूज आहे.

आतां पिंपळनेरच्या पश्चिमेकडे चला. पाड्यावरचीं पुष्कळ माणसें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. कोणी दक्षिण गुजराथेंत, बारडोली व सुरतेच्या बाजूस, कोणी पश्चिम महाराष्ट्राकडे. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठीं खानदेशांतून जाणाऱ्या या लोकांवर यान ब्रेमान या डच अभ्यासकानें १९७० नंतरच्या दशकांत लिहिलें, तेव्हां ही वाट बाहेरच्या जगास ठाऊक झाली. पाड्यांना ती आधींपासूनच ठाऊक होती. फड हा शब्द पांझरेच्या कांठीं जुना आहे. नदीवर बंधारा घालून पाटाचें पाणी ज्या सामाईक तुकड्यांना वांटून देत, त्या तुकड्याला फड म्हणत, आणि त्या फडांत गांवांतील अनेकांची जमीन असे. डोंगरांतल्या माणसाच्या तोंडीं फड म्हणजे दुसऱ्याच्या उसाचा.

या धंद्याच्या हिशेबांत माणूस मोजीत नाहींत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी. एकानें तोडावयाचें, दुसऱ्यानें मोळ्या बांधून वाहावयाच्या. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते आणि हिशेब कोयत्यावर फिटतो. येथें गिरणगांवाहून एक महत्त्वाचा फरक आहे. गिरणींत पुरुष एकटा जाई, चूल गांवींच राही. ऊसतोडीस जोडपें जातें, तान्हें मूल जातें, कधीं मोठी मुलगी धाकट्यास संभाळावयास म्हणून जाते. म्हणजे स्वयंपाकाचीं भांडीं जातात आणि चूलच जाते. पाड्यावर मागें राहतात ते म्हातारे, आणि शाळेसाठीं ठेवलेलें एखादें नातवंड. सहा महिने त्यांची चूल एक, आणि उसाच्या कडेला कोपीपुढें तीन दगडांवर मांडलेली दुसरी. पावसाळ्यांत त्याच दोन चुलींची पुन्हां एक होते. हें कुटुंब एक कीं दोन? आवतणाच्या भाषेंत विचारलें तर एक. उचलीच्या भाषेंत विचारलें तर एक कोयता आणि बाकीचीं बिनहिशेबी माणसें. शिरगणतीचें उत्तर महिन्यावर अवलंबून आहे, आणि महिना कोणता तें पाहा.

घरयादी करण्याचें काम २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळांत, राज्यानें ठरविलेल्या तीस दिवसांत व्हावयाचें असें ठरलें. हंगाम संपल्यावर, विशेषतः पावसाळ्यांत, पाड्यावरचें घर भरलेलें असतें. दार उघडें, चूल एक, माणसें समजा सात. तशी नोंद होते. माणसांची प्रत्यक्ष मोजणी मात्र फेब्रुवारी २०२७ मध्यें आहे. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन भर. त्या दिवसांत त्याच दारांत मोजणारा जाईल तेव्हां आंत दोन म्हातारीं आणि एक नातवंड, किंवा दाराला कुलूप. उलट उसाच्या शिवारांतली कोपींची वस्ती घरयादीच्या काळांत अस्तित्वांतच नसते. पावसाळ्यांत तेथें नुसतें रान असतें. तेव्हां ज्या यादीवरून फेब्रुवारींत मोजणारानें चालावयाचें, तींत त्या वस्तीचा आंकडाच नसण्याचा संभव फार.

नियम काय सांगतो? २०११ सालीं मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी चालली आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी झाली. जो मनुष्य या सबंध काळांत आपल्या नेहमीच्या घरापासून दूर आहे त्यास घरीं लिहावयाचें नाहीं. तो जेथें असेल तेथें लिहावयाचा. नियम योग्य आहे, नाहींतर तोच मनुष्य दोनदां मोजला जाईल. परंतु त्याचा अर्थ असा कीं पाड्यावरच्या सातांपैकीं चौघांची गणना गुजराथेंतील एखाद्या गांवांत झाली पाहिजे, आणि ती झाली नाहीं तर ती कोठेंच होत नाहीं. म्हातारा प्रेमानें ‘आमचें सात माणसांचें घर’ म्हणाला आणि मोजणारानें सातही लिहिले, तर उलट चूक. तिकडे कोपींतही ते लिहिले गेले तर चौघे दोनदां. कोपीला घर म्हणावें कीं तीं माणसें बेघर समजावींत, हाही तेथल्या मोजणारापुढचा प्रश्न. बेघरांची मोजणी २०११ सालीं २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीं झाली व देशभर त्यांची संख्या सुमारें १७ लाख ७० हजार भरली. त्यांत पुलांखालचीं, फलाटांवरचीं, देवळांच्या ओसरींतलीं माणसें आहेत. ज्याला पिंपळनेरकडे कुडाचें का होईना, स्वतःचें घर आहे, त्या मनुष्यास त्यांच्या ओळींत बसविणें हें खरें नव्हे, आणि अजिबात सोडून देणें त्याहून खोटें.

प्रत्येक मोजणीनंतर थोड्या भागांची पुन्हां तपासणी करून किती माणसें निसटलीं याचा अंदाज काढण्याची पद्धत १९५१ पासून आहे. २०११ च्या तपासणींत हजारीं सुमारें २३ माणसें निसटल्याचें दिसलें. सबंध देशाच्या मानानें हें प्रमाण वाईट नाहीं. परंतु निसटणारीं माणसें सगळीकडे सारख्या प्रमाणांत निसटत नाहींत. पेठेंतला वाडा निसटत नाहीं, शिवारांतली कोपी निसटते. आणि ज्या गांवाचीं माणसें बाहेर लिहिलीं जातात किंवा लिहिलींच जात नाहींत, त्या गांवाचा लोकसंख्येचा आंकडा पुढच्या मोजणीपर्यंत तसाच उणा राहतो. ग्रामपंचायतीस मिळणारा वित्त आयोगाचा निधि, आदिवासी उपयोजनेचा पैसा, राखीव जागा, यांचा हिशेब पुष्कळ अंशीं या आंकड्यांवरून होतो. भिल्ल व कोकणा या जमाती महाराष्ट्र आणि गुजराथ या दोन्ही राज्यांच्या अनुसूचींत आहेत, म्हणून तिकडे मोजले गेलेले लोक निदान आपल्या जमातीखालीं तरी लिहिले जातील. पण गांवाची उणीव त्यानें भरून निघत नाहीं.

मोजणीचा महिना बदलावा असें कोणी सुचवील. तें होईलसें दिसत नाहीं, आणि कोणताही महिना घेतला तरी कोणत्यातरी प्रांतांत कोणीतरी वाटेवर असणारच. फेब्रुवारींत हवा कोरडी असते, रस्ते चालू असतात, शाळांतले शिक्षक जागेवर असतात. १८८१ पासून बहुतेक मोजण्या याच सुमारास झाल्या त्या उगाच नव्हेत. करण्याजोगें आहे तें निराळें. कोणत्या कारखान्याच्या हद्दींत कोणत्या मुकादमाच्या किती कोयत्यांची वस्ती पडली आहे, हें कारखान्याच्या शेतकी खात्यास रोजच्या रोज ठाऊक असतें, कारण तोडणीचें वेळापत्रक त्यावरच चालतें. ती यादी फेब्रुवारीच्या आरंभीं तालुक्याच्या जनगणना अधिकाऱ्याच्या हातीं पडली, तर वस्ती शोधीत रानोरान हिंडावें लागणार नाहीं. मोजणारा मात्र तेथें अंधार पडल्यावर गेला पाहिजे. दिवसा कोपींत लहान मुलांखेरीज कोणी सांपडत नाहीं, आणि तोडीची पाळी पहांटेस असली तर सकाळींही नाहीं.

आणि तेथें पोंचल्यावर त्यानें दोन रकाने घाईनें भरूं नयेत. एक जन्मस्थानाचा, दुसरा याआधींच्या वास्तव्याचा. यापूर्वीं कोठें राहत होतां, तेथून येऊन किती काळ झाला, कशासाठीं आलांत, हे प्रश्न जनगणनेच्या नमुन्यांत आहेत. बहुतेक जण एका शब्दांत ‘महाराष्ट्र’ म्हणून मोकळे होतात आणि मोजणाराही तेवढेंच लिहून पुढच्या कोपीकडे वळतो. जिल्हा विचारला तर धुळें म्हणतील. तालुका विचारला तर साक्री म्हणतील. त्यापुढें आणखी एकदां विचारलें तर पिंपळनेरच्या बाजारास येणाऱ्या एखाद्या पाड्याचें नांव निघेल, आणि चूल तेथून कोणत्या महिन्यांत निघाली तेंही.